वाघजाईपुढे 'फुप्फुस'

अकॉर्डियन हे वाद्य जिवंत असतं, असं माझं मत झालं आहे. हे मत मी कुणापुढे मांडत नाही. बाळंतपणानंतर बाईला काहीबाही वाटतं अशी एक समजूत आहे, आणि एकदा का ती समजूत झाली की लोक आपल्याकडे फार प्रेमाने बघायला लागतात. पण तुम्हीच सांगा. जिला पोट आहे, जी उचलली की सुस्कारा टाकते, खाली ठेवली की कुरकुरते, दमट हवा जिला बाधते आणि मांडीवर घेतल्याशिवाय जी गप्प बसत नाही, ती वस्तू आणि माझी गिरिजा यांत फरक काय? गिरिजाला डायपर लागतो, एवढाच.

गिरिजा आत्ता झोपली आहे. म्हणजे मला भराभर सांगायला हवं.

आमच्या बँडचं नाव 'फुप्फुस'. तीन अकॉर्डियन आणि एक ड्रम. गिटार नाही, कारण गिटारवाले मिळतात आणि मग ते आपल्यालाच शिकवायला लागतात. बँडचे प्रमुख कान्हे गावचे राजेंद्रकाका. सगळं आयुष्य लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गेलेलं. भर चिखलातही पांढरे बूट घालतात, आणि पावसात भिजले की केसांचा काळा रंग कानामागून ओघळतो. त्यांची रॉकची व्याख्या सोपी आहे: "मोठ्यानं वाजवायचं, आणि मध्येच असं थांबायचं की पब्लिकच्या पोटात गोळा आला पाहिजे." दुसरे निवृत्ती सर. शाळेत गणित शिकवतात आणि अकॉर्डियनची फक्त डाव्या हाताची बटणं वाजवतात. उजवा हात मांडीवर स्वस्थ. "पाया पक्का असला की इमारत लोक आपापली कल्पून घेतात," असं त्यांचं म्हणणं. ड्रमवर सत्यम. दिवसभर गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये काम करतो आणि तिथल्याच खताच्या निळ्या पिंपांवर वाजवतो. त्यामुळे आमच्या संगीताला ताल आहे तसा किंचित वासही आहे. आणि तिसरी अकॉर्डियन मी, कोमल. शाळेच्या प्रार्थनेला वाजवायचे. लग्न झालं, गिरिजा झाली, पेटी कपाटावर गेली. पावसाळ्यात तिचा पट्टा सैल पडला आणि दुपारच्या शांततेत ती कपाटावरून श्वास घ्यायला लागली.

खोटं नाही सांगत. आधी हळूच आत. मग बराच वेळ काही नाही. मग बाहेर.

खालच्या मजल्यावरच्या शकुमावशींनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे कुणी दम्याचं आलंय का गं राहायला?" मी म्हटलं, "नाही मावशी, अकॉर्डियन आहे." त्यांनी माझ्याकडे फार प्रेमाने बघितलं. दुसऱ्या दिवशी अळीवाचे लाडू आणि सल्ला दोन्ही घेऊन आल्या: अंगावर पाजणाऱ्या बाईने वारा भरलेली वस्तू छातीशी धरू नये, वारा आत जातो. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कुठल्या रस्त्याने जातो?" शकुमावशी लाडूंचा डबा घेऊनच परत गेल्या.

माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, नर्स होत्या. थर्मामीटर सोडला तर या जगात कशावरच त्यांचा विश्वास नाही. बाळाला दृष्ट लागली म्हटलं की त्या ताप बघतात. माहेर मावळातलंच, पण शहरी मराठी अशी घासून-पुसून घेतलेली की अतुलने, म्हणजे त्यांच्या मुलाने आणि माझ्या नवऱ्याने, लहानपणी एकदा 'कुटं' म्हटलं म्हणून त्याला त्या दिवशी शिकरण मिळालं नाही. बँडचं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "नाव एक्स-रे काढायला बोलावल्यासारखं वाटतं." आणि थोडं थांबून, "बुधवारी ना तालीम? जा तू. हिला मी बघते."

या 'हिला मी बघते'वर माझा सगळा बँड उभा आहे. काकांच्या हातात कला असेल, सरांकडे पाया असेल. माझ्याकडे एक सासूबाई आहेत. त्या नाही म्हणाल्या की पेटी परत कपाटावर.

तालीम लोणावळ्यात, तुंगार्लीच्या एका रिकाम्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये. मालक मुंबईला. तळ्यावरून धुकं उठलं की सरळ शटरखालून आत यायचं आणि आधी सत्यमला गिळायचं. नुसती पिंपं ऐकू यायची. मग सर जायचे. शेवटी काकांचे पांढरे बूट तेवढे दिसायचे, ठेका धरलेले. अशा वेळी काकांचा तो प्रसिद्ध थांबा आला की सगळं एकदम बंद. त्या शांततेत तीन भाते अर्धे उघडे, आणि आपल्या मागे कुणीतरी उभं राहून ऐकतंय असं वाटायचं. "आला ना पोटात गोळा?" काका धुक्यातून विचारायचे. आला होता. पण थांब्यामुळे नव्हे.

आता कार्यक्रम. लोणावळ्यातल्या एका हॉटेलवाल्याने शनिवारी संध्याकाळी वाजवायला बोलावलं, फक्त स्पीकरची परवानगी तेवढी आणा म्हणाला. मी आणि काका एका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "काय वाजवता?"

"अकॉर्डियन."

"म्हणजे काय?"

काकांनी हवेतच वाजवून दाखवलं.

"असं म्हणा ना, पेटी. गळ्यातली. किती आहेत?"

"तीन. आणि ड्रम."

"तीन पेट्या, एक ढोलकी. भजनी मंडळ."

"नाही हो साहेब, रॉक बँड."

"रॉकची परवानगी देणारे मॅडम रजेवर आहेत. भजनी मंडळ म्हणालात तर आत्ता शिक्का मारतो."

काका म्हणाले, शिक्का महत्त्वाचा. हॉटेलवाल्याने कागद वाचला आणि हात जोडले. "काका, लोक माझ्याकडे बिअर प्यायला येतात. समोर भजन लावलं तर दोन्हीचा अपमान." झालं. कार्यक्रम गेला, परवानगी राहिली. आणि परवानगी फुकट घालवणं आपल्या मध्यमवर्गीय रक्तात नाही.

तेवढ्यात कोंडाजी आबा भेटले. आम्ही शिक्का घेत होतो तेव्हा त्याच कार्यालयाच्या बाकावर ते स्वतःच्या स्पीकरसाठी बसले होते आणि आमचं सगळं ऐकून त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. हॉटेलवाल्याने हात जोडल्याची बातमी काकांनी फोनवर मोठ्यानेच सगळ्यांना सांगितली, तेव्हा आमच्या मागोमाग आलेले आबा हॉटेलच्या दारात आमची वाट बघत होते.

"गळ्यात पेटी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मंग झालं की. लोहगडवाडीच्या अलीकडं आमची वाडी. भाताची आवणी उरकली का आमी वाघजाईची पूजा घालतो. आमचा सखाराम संबळ वाजवतो, तर त्यो बांधावरनं पडला, हात पिलाष्टरात. वाजप न्हाई म्हंजी पूजा न्हाई. तुमी या."

काकांनी त्याच क्षणी हो म्हटलं. निवृत्ती सरांनी फोनवरूनच नाही म्हटलं. सरांच्या घरी वडिलांच्या पिढीपासून बुद्धवंदना आहे, देव नाही. "मी देवीपुढे वाजवणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे." आबांनी जराही वाईट वाटून घेतलं नाही. "तुमी देवीकडं पाठ करा, सर. आमच्याकडं बगून वाजवा. आमी मानसंच हाय." सरांनी यावर दोन दिवस विचार केला आणि हे तर्काला धरून आहे असं कळवलं.

दिवसभराचा कार्यक्रम, आणि गिरिजा अंगावर पिणारी. तिला घरी ठेवणं शक्य नव्हतं. सासूबाईंनी पिशवी भरली: डायपर, टोपडं, थर्मामीटर. "मी मागे बसेन हिला घेऊन. प्यायची वेळ झाली की खूण करेन. मला त्या नाचण्या-घुमण्याचं काही सांगू नका."

वाडीत पोचलो तेव्हा दुपार होती, पण दुपारीच दिवे लावले होते. धुकं भातखाचरांवरून थेट देवळात शिरलेलं. पत्र्याच्या मंडपात माणसं होती, पण दिसत होती फक्त पुढची रांग. मागच्यांचे नुसते खोकले. ओल्या लुगड्यांचा आणि उदाचा वास. गाभाऱ्यात शेंदराचा तांदळा, म्हणजे नुसता गोल दगड, त्याला चांदीचे डोळे. आपण कुठेही उभं राहिलो तरी ते डोळे आपल्या थोडं मागे बघत. सर देवीकडे पाठ करून बसले ते तत्त्वासाठी. मीही त्यांच्या शेजारी तशीच बसले, तत्त्व वगैरे काही नसताना.

पुढ्यात केस मोकळे सोडून सरुबाई बसली होती. दरसाल वारं तिच्याच अंगात येतं, असं आबा म्हणाले. सखाराम प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून काकांजवळ आला. "काका, थांबायचं कवा त्ये मी सांगतो. माझ्याकडं बगत ऱ्हावा."

काका ताठ झाले. "पोरा, स्टेजवरच म्हातारा झालोय मी. थांबायचं मला शिकवतोस?"

आणि सुरू झालं.

आम्ही चांगलं वाजवलं. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर हे कुणी विचारत नाही. सरांचा पाया जमिनीतून येत होता, सत्यमची पिंपं डोंगरावर आपटून परत येत होती आणि माझी बोटं इतक्या महिन्यांनी माझी झाली होती. बायका डोलायला लागल्या. सगळं गाव सरुबाईकडे टक लावून बसलेलं. सरुबाई मात्र दगडासारखी. मग तिने मान वळवली, मागे धुक्यात बघितलं, आणि बस चुकल्यावर माणूस जसं बोलतं तशी म्हणाली, "यंदा माज्याकडं न्हाई आली."

मी बघितलं. तेवढ्यापुरतं धुकं विरळ झालं होतं. मागच्या रांगेतून सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, प्यायची वेळ झाली, खूण करताहेत. पण त्यांनी चष्मा काढून टाकला होता. अंबाडा सुटला होता. त्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत होत्या, आणि त्यांच्या हातात माझी गिरिजा.

नेमका त्याच क्षणी काकांचा थांबा आला. काकांचे डोळे मिटलेले. सखाराम एक हात उंच करून ओरडत होता, तो हात बघायला काका होते कुठे? आणि सवय वाईट. इतके दिवस तालीम केलेला थांबा. काकांचा पांढरा बूट हवेत गेला आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, गपकन थांबलो.

त्या शांततेत सासूबाईही थांबल्या. एका पायावर. मान तिरकी, तोंड अर्धवट उघडं. पापणी हलत नव्हती. सगळ्या मंडपाने श्वास धरला होता.

"वाजवा!" सखारामचा आवाज फाटला. "थांबू नका!"

"का?" निवृत्ती सरांनी विचारलं. गणिताचा माणूस.

उत्तर कोंडाजी आबांनी दिलं, अगदी हळू. "वारं आलं का उतरंस्तवर वाजवायचं आसतं, सर. मधीच सोडल्याव ती जानार कुटं?"

मी उठले होते. पेटी गळ्यात, हात पुढे. सरुबाईने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. "हात लावू नगंस, पोरी. वारं आसताना मानसाला धरायचं नसतं. तिला काय बी हुनार न्हाई. तू वाजव."

ती म्हणजे गिरिजा की सासूबाई, हे तिने सांगितलं नाही.

पहिला आवाज आला तो सरांच्या डाव्या हाताचा. हे मी त्यांना जन्मभर विसरणार नाही. नंतर मी विचारलं, सर, तुमचं तत्त्व? तर म्हणाले, "एक बाई एका पायावर उभी आहे, कडेवर लेकरू आहे. यात देवाचा प्रश्न येतो कुठे?" सरांमागे पिंपं, पिंपांमागे काका. काकांचा रंग ओघळून कॉलरपर्यंत आला होता. मी काय वाजवत होते मला माहीत नाही. बोटं आपली जात होती आणि डोळे टोपड्यावर. गिरिजा रडत नव्हती. तेच वाईट. ती त्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

सासूबाईंचा दुसरा पाय खाली टेकला. त्या पुढे आल्या. धुकं त्यांच्याबरोबर आलं. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोलल्या. आवाज त्यांचाच होता, पण तळातून काढलेला, आणि बोली चाळीस वर्षांपूर्वी टाकून दिलेली.

"लेकरू कुनाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"मंग गळ्यात ह्ये काय?"

माझी बोटं वाजवतच राहिली.

"गळ्यात पेटी, आन् लेकरू लोकाच्या कडंवर. व्हय?"

आता सांगा. सासूने गिरिजा झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत जे एकदाही म्हटलं नाही, ते टोमणे देवीने येऊन मारावेत? तेही भरल्या मंडपात, स्पीकर चालू असताना? भीती होतीच, आणि तरी मला राग आला. खरंच आला. मी वाजवता वाजवता म्हटलं, "लोक नाहीत त्या. आजी आहे तिची. त्यांच्या जिवावर तर वाजवते मी."

मंडपात कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं.

सासूबाईंनी मान तिरकी केली. बराच वेळ माझ्याकडे, की माझ्या थोडं मागे, बघत राहिल्या. मग गिरिजा माझ्यापुढे धरली. "घे तुजं. आन् दे त्ये हिकडं."

"देवीनं मागितलं त्ये द्यावं, ताई," आबा कुजबुजले.

मी एका हाताने गिरिजाला घेतलं, त्यात तिचं टोपडं गळून पडलं. ती गरम होती, जड होती, तिला दुधाचा वास येत होता. सगळी तीच होती. दुसऱ्या खांद्यावरून पट्टा उतरवला आणि सासूबाई त्यात शिरल्या, कोटात हात घालावा तशा. या बाईने आयुष्यात कधी पेटीला फडकंसुद्धा लावलं नव्हतं. त्यांनी एकही पट्टी दाबली नाही. पेटीच्या बाजूला एक बटण असतं, नुसती हवा ये-जा करणारं. मला ते सापडायला शाळेत आठवडा लागला होता. त्यांचा अंगठा सरळ तिथे गेला. भाता उघडला. मिटला. सूर नाही, नुसता श्वास. आधी हळूच आत. मग बराच वेळ काही नाही. मग बाहेर.

सरांनी तो श्वास पकडला. सत्यमने पिंपांवर नुसती बोटं टेकवली. धुक्यातल्या न दिसणाऱ्या बायका त्याच लयीत श्वास घ्यायला लागल्या. मंडप आत-बाहेर होत होता. पत्रा करकरत होता. माझ्या खांद्यावर गिरिजाने एक मोठी जांभई दिली आणि ती झोपून गेली.

मग भाता मिटला, तो मिटलाच. सखारामने हात खाली केला. या वेळी काका त्याच्याकडे बघत होते.

सासूबाईंनी डोळे उघडले. छातीवर बघितलं.

"हे धूड कुणी अडकवलं माझ्या गळ्यात?" शुद्ध, घासून-पुसून. "आणि कोमल, हिला टोपड्याशिवाय गारठ्यात काय घेऊन बसलीस? चष्मा कुठाय माझा?"

मी रडले, हसले, दोन्ही झालं. सत्यम आजवर कधीच घाबरला नव्हता, असं तो मला तीनदा सांगून गेला. सरुबाईने सासूबाईंना नारळ दिला, जरा फुगूनच. मी कोंडाजी आबांना बाजूला घेऊन विचारलं, "आबा, उतरलं ना पुरतं?"

आबांनी काकांच्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं. "उतरायचं तर व्हतं. पर तुमी मधीच थांबलात न्हवं." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाले, "उतरलं आसंल. जेवून जावा."

परतताना गाडीत सासूबाईंनी स्वतःला थर्मामीटर लावून बघितला. ताप नव्हता. "दमट हवेत रक्तदाब कमी होतो, माणूस हेलपाटतं. एवढंच," त्या म्हणाल्या आणि गिरिजाला माझ्याकडून घेतलं. मी दिली. हात जरा उशिरा सुटला, पण दिली. पुढे काका आणि सत्यम थांबा कुणामुळे चुकला यावर भांडत होते. सर झोपले होते. काचेबाहेर धुकं होतं, त्यात रस्ता होता असं चालकाचं म्हणणं.

मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. पेटी डिकीत होती. आजच्यानंतर ती कपाटावर जाणार की नाही, हे एका माणसाच्या शब्दावर होतं, आणि ते माणूस माझ्या शेजारी काचेकडे तोंड करून बसलं होतं, लेकराच्या पाठीवर हात फिरवत. शेवटी मी म्हटलं, "बुधवारची तालीम... राहू देऊ का हो मी?"

"कशापायी?" काचेकडे बघतच उत्तर आलं. "जा तू. वाजव. लेकराकडं मी बगते."

गिरिजा झोपेत हसली. मी जरा पुढे वाकले, पण काचेत चेहरा दिसला नाही, नुसतं धुकं.

"आई?" मी विचारलं. "तुम्हीच ना?"

"व्हय," त्या म्हणाल्या.